स्कॅनरचा ताप उतरवणाऱ्या एस्तेर मावशी

आमच्या शेजारच्या एस्तेर मावशींनी एकदा स्कॅनरच्या कपाळावर ओल्या फडक्याची पट्टी ठेवली होती. कपाळ म्हणजे वरचं झाकण. मी घाबरत घाबरत म्हटलं, "मावशी, आत वीज असते." त्या शांतपणे म्हणाल्या, "तापलंय ते. हात लावून बघ."

मावशी श्रीरामपूरच्या एका दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या, असं लोक म्हणतात. मला तसं काही झालेलं दिसत नाही. लग्न त्यांनी केलं नाही, घरात एकट्याच. जुन्या निगेटिव्ह स्कॅन करायचं यंत्र आणलं आणि पुढच्या खोलीत वॉर्ड उघडला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून मला कॉम्प्युटर येत असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. फारसा येत नव्हता, पण ते सांगायचं मला धाडस झालं नाही.

आत जायचं तर चपला बाहेर, केस रुमालात आणि ओढणीसुद्धा बाहेर, कारण तिचे धागे उडतात. पंखा बंद. मावशी दवाखान्यातले हातमोजे घालून रबरी फुग्याने निगेटिव्हवर हवा मारायच्या. समोरचे जगताप काका आपल्या लग्नाची निगेटिव्ह देऊन गेले आणि रोज चौकशीला येऊ लागले. मावशी दारातूनच सांगायच्या, "आज बरी हाय. पन डिस्चार्ज न्हाई." एकदा तर काका बिचारे केळी घेऊन आले.

खरं म्हणजे काकांचं लग्न हा नुसता सराव होता. मावशींना एकच निगेटिव्ह सुधारायची होती. तिच्यात वॉर्डातला स्टाफ ओळीने उभा आहे, आणि अगदी कडेला, जिथे फ्लॅशचा उजेड पोचला नाही तिथे, तरुण मावशी मांडीवर बाळ घेऊन बसल्या आहेत. त्या बाळाचा चेहरा त्यांना हवा होता. बाळ कुणाचं, हे मी विचारलं नाही. त्यांनीच एकदा फुगा दाबता दाबता सांगितलं. त्याला कुणीतरी वॉर्डात सोडून गेलं होतं. थंडीपासून पावसाळ्यापर्यंत मावशींनी सांभाळलं, मग लांबचं एक जोडपं रीतसर दत्तक घेऊन गेलं. "चांगली मान्सं हुती," एवढंच त्या म्हणाल्या. त्याचा दुसरा फोटो नव्हता.

अडचण अशी, की तो काळा कोपरा उजळायला गेलं की चेहऱ्यावर रंगीत ठिपक्यांचं वारूळ फुटायचं. स्कॅनर तापला की जास्तच. म्हणून त्या पट्ट्या. शेवटी मी कुठेतरी वाचून चाचरत सुचवलं, की निगेटिव्ह न हलवता पुन्हा पुन्हा स्कॅन करू आणि सगळ्या प्रती एकावर एक ठेवून सरासरी काढू. ठिपके दर वेळी जागा बदलतात, चेहरा बदलत नाही. मला वाटलं, हे समजावायला वेळ लागेल. पण मावशींना ते लगेच पटलं. एकदाच ताप बघून चार्ट भरणाऱ्या नर्सला त्यांनी म्हणे कधी वॉर्डात टिकू दिलं नव्हतं.

रविवारी त्या चर्चहून आल्यावर आम्ही बसलो. स्कॅनरला मधे मधे विश्रांती दिली. हळूहळू अंधारातून एक नाक आलं, मग बंद मूठ. थोडे ठिपके अजून होते. मला हुरूप आला. ठिपके पुसायची एक खूण पडद्यावर सरकवता येते, ती मी पार टोकाला नेली. गाल लोण्यासारखे गुळगुळीत झाले. मी शाबासकीची वाट बघत बसले.

मावशी पडद्याजवळ वाकल्या. "हे तर कुनाचंबी लेकरू झालं," त्या म्हणाल्या. "त्याचा वरचा व्हट जन्माचाच फाटका हुता. टाक्याची रेघ हुती तिथं. मीच काढल्ते टाके."

मी ती खूण मागे आणत गेले. ठिपके परतले, आणि त्यांच्यात ओठावरची बारीक रेघही. मावशींनी हातमोजा काढून पडद्यावर बोट टेकवलं. "थांब. हितंच."

दुसऱ्या दिवशी आम्ही स्टुडिओत प्रिंट काढायला गेलो. तिथला माणूस म्हणाला, फोटोत लई दाणे हायेत, साफ करून देतो. मावशींनी तसाच मागितला. पाकिटात घालता घालता त्याने सहज विचारलं, लेकरू तुमचं कोन?

मी मावशींकडे पाहिलं. त्या पाकिटाकडे बघत होत्या.

"थोरला," त्या म्हणाल्या.