कुणालाही न जमणारी सही

निपुत्रिक काकानं सगळी मिळकत आपल्या नावे केली, हे कळल्यावर न्हाव्याला झालेला आनंद दुपारपर्यंत टिकला. दुपारनंतर त्याला जो तो चोर दिसू लागला. माया अशीच, पदरात पडते आणि झोप घेऊन जाते. रक्कम त्यानं बँकेत बचत खात्यात ठेवली, तरी धाकधूक होतीच. आपली सही कुणी उचलली तर?

म्हणून खातं उघडताना त्यानं नवीच सही केली. दोन्ही टोकांना मिशांसारखे पीळ, मध्ये वेटोळी, शेवटी झुपका.

"ब्रह्मदेवालाही जमायची नाही," घरी पासबुकावरची सही दाखवत तो म्हणाला.

बायको भरतकाम करायची. "नक्षी बरी आहे," म्हणून तिनं ती उशीच्या अभ्र्यावर काढली.

ब्रह्मदेवाचं राहू द्या, ती सही न्हाव्यालाही पुन्हा जमेना. हे कळलं तेव्हा मालकानं दुकानाचा भाड्याचा गाळा विकायला काढला होता. शनिवारपर्यंत पैसे दिले नाहीत, तर गाळा शेजारच्या चपलावाल्याचा आणि वडिलांच्या वेळची खुर्ची रस्त्यावर.

बँकेच्या खिडकीतल्या बाईंनी पैसे काढायची चिठ्ठी परत सरकवली. "सही जुळत नाही."

"अहो, मीच आहे की. तुमच्या साहेबांची दाढी मीच करतो."

"दाढी जुळते हो. सही जुळत नाही."

आठवडाभर रोज हेच. न्हावी गिऱ्हाइकांच्या गालांवरच्या फेसात बोटानं सराव करू लागला. गिऱ्हाइकं चपलावाल्याकडे बसून दाढी वाढवू लागली.

शनिवारी सकाळी बायकोनं चिठ्ठी ओढून घेतली, उशी मांडीवर ठेवली आणि भाजी परतता परतता सही केली.

"तंतोतंत," बँकेतल्या बाई म्हणाल्या. "येत होती, तर आठवडाभर आमचा जीव का खाल्लात?"

गाळा वाचला. न्हावी तडक साहेबांच्या खोलीत गेला. "साहेब, आता साधी सही घ्या माझी."

"घेऊ की. फक्त आधीची एकदा माझ्यासमोर करा."

न्हाव्यानं काचेबाहेर पाहिलं. बायको बाकावर बसून शांतपणे सुईत दोरा ओवत होती.

"राहू द्या," तो म्हणाला. "आहे तीच सुरक्षित आहे."

घरी जाताना त्यानं सहज विषय काढला, "नवा आरसा घ्यावा म्हणतो दुकानाला. थोडे पैसे काढू या का?"

"काढू या की," बायको म्हणाली. "जुन्याला काय झालंय, ते आधी सांगा."