हैबतरावांच्या मुखावरील मोहिमेची हकीकत

श्रीगणरायास नमन, कुलदेवतेस दंडवत, आणि ज्यांस आपुले तोंड आरशात पाहणे जड जाते त्या सकळांस आशीर्वाद. शालिवाहन शके सत्राशें आठ, पराभवनाम संवत्सरी, आमचे राज्यात जे वर्तमान जाहले ते झाकोन ठेवण्याची चाल बहुत वर्षे होती. आता ज्यांची लाज त्यांचीच अखेरची आज्ञा जाहली की घडले तैसे लिहावे, आमची भीड धरू नये. म्हणोन लिहिले.

थोरले महाराजांचे पुत्र हैबतराव, वय वर्षे एकोणीस. घोड्यावर बसले म्हणजे मांड ढळत नसे, भाला फेकिला तो चुकत नसे. ऐसियास त्या साली चैत्रमासी त्यांचे मुखावर पुटकुळ्या उठल्या. आधी कपाळी दोन आल्या, मग गालांवर आल्या, आणि मग नाकाचे शेंड्यावर एक ऐसी आली की ती दरबारात युवराजांचे आधी प्रवेश करी. मानकरी मुजरा करिताना माना खाली घालीत, ते अदबीने की हसू दाबावयास, हे हैबतरावांस कळेना. एके दिवशी धाकटी बहीण, वय वर्षे सहा, भर पंगतीत पुसती जाहली की दादासाहेबांस मुंग्या डसल्या काय. कोणी हसले नाही. सर्वांनी एकदम वरणभाताकडे ध्यान दिले, आणि तेच हैबतरावांस लागले. ते अर्ध्या पानावरून उठले, आणि त्या दिवसापासून भर उन्हाळ्यात शेल्याने तोंड बांधोन वावरू लागले.

त्यातच लग्न ठरलेले. डोंगरातील एक लहान गड, त्याचे किल्लेदारांची कन्या सगुणाबाई, तिथी ज्येष्ठ शुद्ध पंचमी. पुढे चातुर्मास, म्हणोन तिथी हलेना. मग महाराजांनी उपचारास तिघे बोलाविले. केशवंभट वैद्य बोलिले, ही तारुण्यपिटिका, रक्तात उष्णता आहे, लोध, धणे आणि वेखंड यांचा लेप द्यावा. नूरुल्ला हकीम बोलिले, लेपाने वरवरचे जाते, जळवा लावून खराब रक्त काढावे आणि मागून गंधक चोळावा. टोपीकरांचा, म्हणजे गोऱ्यांचा, एक डॉक्टर आला होता, तो बोलिला की दोन्ही अडाणीपण, रसकापुराचे, म्हणजे पाऱ्याचे, जहाल पाणी लावावे म्हणजे जुनी कातडी निघोन नवी येईल. तिघांनी एकमेकांस खोटे पाडिले. महाराजांची रीत ऐसी की एका परगण्यावर तीन सरदार भांडले म्हणजे परगणा वाटोन द्यावा. तेच त्यांनी येथे केले. कपाळ वैद्यांस दिले, उजवा गाल हकिमांस, डावा गाल टोपीकरांस, आणि कोणाचा गुण येतो तो पाहोन सगळे मुख त्याचे हवाली करावे ऐसे ठरले. गंधाची रेघ ओढोन सरहद्दी घातल्या. नाकाविषयी हकीम आणि टोपीकर यांचा तंटा लागला तो तीन दिवस मिटेना. हैबतराव मध्ये पाटावर बसून होते, आणि आपुल्या तोंडाची मोजणी चालली आहे हे पाहोन त्यांस मेल्याहून मेल्यासारखे जाहले. हनुवटी तेवढी कोणी मागितली नाही. ती भागाई दाईकडे राहिली. भागाई म्हणाली, "बाळराजे, साध्या पाण्यानं धुवा आन् नख लावू नका. वय हाय, जातंय." तिचे कोणी ऐकिले नाही, परंतु हनुवटी धुतली जाऊ लागली.

वीस दिवस लोटले. कपाळीच्या पुटकुळ्या सुकल्या आणि शेजारी नव्या उठल्या. उजव्या गालावर जळवांचे डाग पडले. डावा गाल सोलोन लाल जाहला आणि त्यास वारा लागला तरी चुणचुण होई. हनुवटी होती तैसीच होती. आणि लग्नास दहा दिवस उरले. तेव्हा हैबतराव स्वमुखे बोलिले की आम्ही जात नाही, खांडा पाठवावा. नवरदेव मोहिमेवर असला म्हणजे त्याचे जागी त्याची तरवार मांडवात उभी करून लग्न लावावे, ऐसी चाल आहे. दिवाणजी अदबीने बोलिले की मोहीम कोणती. हैबतराव बोलिले, मग काढा एक. ऐसियावरून तीनशे राऊत नदीपलीकडचे रानात नेऊन डेरे दिले, आणि तिघे उपचारीही सोबत नेले. इकडे खांडा पालखीतून गडावर गेला आणि सगुणाबाईंस हळद लागली.

लग्न पार पडले. किल्लेदार सरळ मनाचे, त्यांस वाटले जावई संकटात आहे, म्हणोन त्यांनी पुत्र जैतोजीराव यांस पन्नास स्वार देऊन मदतीस धाडिले. जैतोजीराव दोन मुक्कामांची वाट एका दमात तोडोन आले आणि सरळ डेऱ्यात शिरले. तेथे युवराज गादीवर टेकोन बसलेले, कपाळी लेप, उजव्या गालावर तीन जळवा, आणि एक हुजऱ्या डाव्या गालास पंख्याने वारा घालीत आहे.

"शत्रू कोणीकडे आहे?" जैतोजीराव बोलिले.

धरणी दुभंगोन पोटात घेईल तर बरे, ऐसे हैबतरावांस वाटले. जैतोजीरावांनी तिघा उपचाऱ्यांकडे पाहिले, वाट्यांकडे पाहिले, आणि सर्व समजोन खालच्या आवाजात बोलिले, "बहिणीस काय सांगू तेवढे सांगा." तितक्यात एक जळू तृप्त होऊन गालावरून मांडीवर पडली. खरे बोलावयास तीच वेळ होती. हैबतराव मान खाली घालोन बोलिले, "मोहीम चालू आहे म्हणावे." जैतोजीराव परत गेले, आणि बहिणीचे मन राखावे म्हणोन त्यांनी तैसेच सांगितले.

पावसाळा सरला आणि कार्तिकात सगुणाबाईसाहेब सासरी आल्या, सोबत खांडा. तोवर पुटकुळ्या बहुतेक बसल्या होत्या आणि खुणा राहिल्या होत्या. दिवाणखान्यात प्रथम समोरासमोर बसणे जाहले तेव्हा बाईसाहेबांनी युवराजांचे गाल पाहिले, आणि डोळे भरोन आले.

"ह्या मोहिमेतल्या जखमा?" त्या बोलिल्या. "मग खरेच होते तर. अंतरपाट दूर झाला तेव्हा समोर खांडा होता. मागे बायका कुजबुजल्या की मोहीम कसली, मुलीत काही कमी असेल. पाते घासलेले होते, त्यात माझेच तोंड दिसले. तेव्हापासून रोज त्या पात्यात पाहते की खोट कोठे आहे. दादाने शपथ वाहिली तरी मन मानेना. आज या जखमा पाहिल्या आणि जीव भांड्यात पडला."

हैबतरावांचे मुखास फुकटचा मान मिळत होता, आणि गप्प राहिले असते तर दोघांचेही निभावले असते. परंतु पाच महिने एक निर्दोष बाई आपुल्या तोंडात दोष शोधीत बसली, आणि तो दोष आपण पालखीत घालोन तिचे घरी धाडिला, हे त्यांस तेव्हा उमजले. पुटकुळ्यांची लाज त्या लाजेपुढे काहीच नव्हती. त्यांनी मान वर केली. कितीएक महिन्यांत त्यांनी कोणासमोर तोंड ऐसे उघडे धरिले नव्हते.

"जखमा नव्हेत," ते बोलिले. "पुटकुळ्या होत्या. मोहीम नव्हती. तुमच्यात खोट नाही. मला तोंड दाखवावयाची लाज वाटली, म्हणोन तरवार पाठविली."

बाईसाहेबांनी डोळे पुसले. मग एकच बोलिल्या.

"एवढ्यासाठी?"

रागे भरल्या असत्या तर ते हैबतरावांस सोसले असते. पुढे संसार जाहला, लेकरे जाहली, बाईसाहेबांनी तो विषय पुन्हा काढिला नाही. परंतु हैबतराव उतारवयातही आरसा पाहता पाहता थांबत आणि तो शब्द त्यांस ऐकू येई.

तात्पर्य ऐसे. वैद्यांचे कपाळ, हकिमांचा गाल आणि भागाईची हनुवटी, तिन्ही तिसरे वर्षी साफ जाहली. हनुवटीवर डाग राहिला नाही. टोपीकरांचा गाल अखेरपर्यंत उन्हात लाल होई. मोहिमेचा खोटा कागद दफ्तरातून काढोन त्याचे जागी हा ठेविला. आणि हैबतराव गादीवर आलियावर पहिला हुकूम केला तो आजतागायत चालतो: या घराण्यात खांडा कोणी पाठवू नये. ज्याचे लग्न त्याने जातीने जावे, आणि तोंड जैसे असेल तैसे न्यावे.