नियंत्रणाची बशी

अनसूयाबाई कोष्टी वारल्या, पण त्यांच्या डाव्या तळहातातल्या काही पेशींनी जायला नकार दिला.

दवाखान्याने मृत्यूचा दाखला दिला होता. पेशींनी तो मानला नाही. अंत्यविधी त्यांच्याशिवाय उरकला. त्यांना ऊब हवी होती आणि गावात उबवणपेटी आमच्या कॉलेजच्या जीवशास्त्र विभागातच होती, म्हणून त्या तिथे आल्या. मी विभागाचा लेखनिक होतो. आवक झालेल्या सामानात त्यांची नोंद कुठल्या सदरात करावी, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

विभागप्रमुख वाळिंबेबाईंनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. आवरण, केंद्रक, सगळं जागच्या जागी होतं. अनसूयाबाईंचे यजमान दिगंबर कोष्टी भेटायला आले आणि "काय गं, बरी हायेस का?" म्हणाले, तेव्हा पेशी भराभर दुभंगून वाढू लागल्या. बाईंनी लगेच प्रयोग आखला. दोन काचेच्या बशा, दोन्हींत निम्म्या निम्म्या पेशी, तेच पोषक पाणी, तीच ऊब. फरक एकच. पहिल्या बशीशी कोष्टींनी रोज बोलायचं, दुसरीशी कुणीच नाही.

"म्हंजे दुसरी कोण?" कोष्टींनी विचारलं.

"ती नियंत्रण, काका. तुलनेसाठी."

"पर ती बी आमचीच हाय न्हवं?"

"जीवशास्त्राच्या दृष्टीनं, हो."

कोष्टींनी मान डोलावली. कोष्टींच्या घरात अबोला ही जुनी वहिवाट होती. या खेपेला निमित्त सांडग्या मिरच्यांचं होतं. गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या कोष्टी खाली आणायला विसरले आणि वळवाने भिजवल्या. अनसूयाबाई रागावल्या, हे फुगले. अबोला चालू असतानाच त्या गेल्या. अबोला सोडायचं काम दर वेळी त्यांच्याकडेच असे.

पहिली बशी भरत गेली. दुसरीतल्या पेशी आकसून कडेला जमल्या. एवढा स्वच्छ फरक विभागात पूर्वी कधी मिळाला नव्हता. बाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी मला चहा पाजला.

एके दिवशी कोष्टी दुसऱ्या बशीजवळ उभे राहून मला मोठ्याने म्हणाले, "भाऊसाहेब, तिला सांगा, मी दोन घास खाल्लं म्हणून."

"काका!" बाई धावत आल्या. "तिच्याशी बोलायचं नाही, ठरलंय ना?"

"मी कुठं तिच्याशी बोललो? भाऊसाहेबांशी बोललो."

बाईंनी बशी तपासली. काडीचाही बदल नव्हता. त्या घरात अबोल्यात असंच तिसऱ्याकरवी बोलत. पेशींना रीत ठाऊक होती.

"आता नीट ऐका," बाई म्हणाल्या. "दुसरीशी थेट बोललात तर प्रयोग संपला. मग पेटी मोकळी करावी लागेल, दोन्ही बशा जातील. पहिली छान आहे ना? रोज भेटताय, बोलताय. आणखी काय हवं?"

मीही म्हणालो, "कोष्टी, अर्धी तर अर्धी. लोकांना तेवढीही मिळत नाही."

कोष्टींनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊसाहेब, एकीशी गप्पा हाणायच्या आन् दुसरीनं शेजारी बसून ऐकायचं? जित्तेपणी एवढं वाईट न्हवतो वागलो."

ते पुढे झाले, टोपी काढली आणि दुसऱ्या बशीवर वाकले. बाईंनी हात पुढे केला, पण धरलं नाही.

"अनसूया," ते म्हणाले, "मिरच्या मीच इसरलो. चुकलंच माझं."

दुसऱ्या बशीतल्या पेशी संध्याकाळपर्यंत कडा सोडून मध्यभागी आल्या. टवटवीत दिसत होत्या. सकाळी पेटी उघडली तेव्हा दोन्ही बशांत नुसतं पाणी होतं.

बाईंनी निष्कर्ष सांगितला आणि मी तो टंकित केला: दोन्ही बशांत फरक आढळला नाही. कागद माझ्या हातून घेताना त्या म्हणाल्या, "शास्त्रीयदृष्ट्या हे बरोबरच आहे." मग बराच वेळ चष्मा पुसत बसल्या.

कोष्टींनी बशा मागितल्या. त्या नोंदवहीतून निर्लेखित करून द्यायला काही हरकत नव्हती. त्यांनी नळाखाली स्वतःच धुतल्या, धोतराच्या सोग्याने पुसल्या आणि उजेडात धरून पाहिल्या.

"मिरच्या वाळवायला ल्हान पडत्यात," ते म्हणाले, आणि दोन्ही घेऊन घरी गेले.