बाभळीवरचे अर्धे घरटे

मुलांनो, एका जंगलात सगळी कामे अर्धी होती.

ओढ्यावर अर्धा पूल होता. हरणे त्याच्या टोकापर्यंत जात, खाली बघत आणि परत फिरत. टेकडीला अर्ध्या पायऱ्या होत्या. काजव्यांना बसायला खांब उभा होता. काजवे मंजूर व्हायचे होते. कुणाला त्याचे काही वाटत नसे. काम अर्धे झाले की फीत कापायची, लाडू वाटायचे आणि पुढचे काम काढायचे, अशी तिथली रीत होती. पुरे झालेले काम कसे दिसते, हे त्या जंगलात कुणालाच माहीत नव्हते.

पाणवठ्याच्या चौकात एक चौथराही होता. त्यावर पुतळा बसायचा होता. कुणाचा, ते ठरत नव्हते. रानडुकरे म्हणत डुकराचा, हरणे म्हणत हरणाचा. माकडे म्हणत, कुणाचाही बसवा, पण त्याचे तोंड आमच्या झाडाकडे करा. असे तीन उन्हाळे गेले. चौथऱ्यावर सरडे ऊन खात.

मग बातमी आली, की ओढ्यापलीकडच्या जंगलाने आपल्या चौकात दगडी हत्ती बसवला.

नगराध्यक्ष होता रानगवा. सगळे त्याला गवासाहेब म्हणत. त्याने कारकुनाला बोलावले. कारकून होता साळिंदर. लेखणी त्याच्या पाठीवरच उगवत असल्यामुळे ती नोकरी दुसऱ्या कुणाला मिळणे शक्यच नव्हते.

"नागपंचमीला वाघसाहेब दौऱ्यावर येतायत," गवासाहेब म्हणाले. "पलीकडचे हत्ती दाखवतील. आपण काय दाखवायचं? सरडे?"

"समिती नेमू या, साहेब."

समिती नेमली आणि ती चौकाकडे निघाली.

आता त्या चौथऱ्यावर एक बाभूळ वाकली होती, आणि तिच्या फांदीला तंतोबा घरटे विणत होता. तंतोबा हा सुगरण पक्षी. नाव बाईचे, पण विणतो तो गडी. अर्धे घरटे विणून तो थांबतो. मादी येते, तपासते. पसंत पडले तर तो तळ लावतो, खाली बोगद्यासारखी वाट काढतो आणि मग ती आत अंडी घालते. नापसंत झाले तर बिचारा दुसरे विणायला घेतो.

ही तपासणी कशी असते सांगू? मी उभा जन्म दोरखंड विकले. विहिरी खोदणारा एक लिंबाजी माझ्याकडे यायचा. दोर डोळ्यांनी बघायचाच नाही. दुकानाच्या तुळईला बांधायचा आणि स्वतः लोंबकळायचा. "शेठ, दोर कुरकुरला नाही. द्या." संपला सौदा. सुगरणीची मादी ही त्या लिंबाजीच्या जातीची.

त्या सकाळी गोदी नावाची मादी तपासणीला आली होती.

"वारा सुटला तर?" तिने विचारले.

"झुलेल."

"पडणार तर नाही?"

"बघ की लोंबकळून."

गोदी लोंबकळली. तीन हिसके दिले. "बरं आहे. उजवीकडची कड जरा आवळा. आणि नागपंचमीच्या आत पुरं करा. माझी अंडी कुणाच्या सवडीने थांबत नाहीत."

एवढे ठरले, आणि खाली समिती येऊन उभी राहिली.

गवासाहेबांनी मान वर केली. घंटेसारखे काहीतरी लटकत होते. खालून उघडे, मधे एक आडवी दांडी.

"हे कुणाचं?"

"माझं, साहेब. अजून अर्धंच झालंय..."

"अर्धं!" गवासाहेबांचे डोळे चमकले. अर्धे म्हणजे झालेले, हे त्यांना वासरू असल्यापासून ठाऊक होते. "साळिंदर, सुगरणींची मतं किती?"

"सोळा, साहेब."

"छान. सोळांचा कुणाला राग येतोय? डुकरंही गप्प, हरणंही गप्प. हेच आपलं शिल्प. बसवायचंही काम नाही, आयतं लटकलंय."

समितीत कलेचा जाणकार म्हणून मोर घेतला होता. त्याने आधी पिसारा उघडला, मग तोंड. "खालून मोकळं ठेवलंय. वा! आपल्या रानाचं मनसुद्धा असंच मोकळं आहे."

"महाराज, तिथून अंडी पडतील," गोदी म्हणाली.

"बाई, कलेच्या मधे बोलू नये."

साळिंदराने पाठीचा एक काटा उपटला, पळसाच्या पानावर 'काम पूर्ण' असे लिहिले आणि ते पान फांदीला अडकवले.

दुसऱ्या दिवशी तंतोबा गवताचे पाते घेऊन आला. खाली साळिंदर उभाच.

"काय चाललंय, तंतोबा?"

"तळ लावतोय."

"कशाला?"

"पुरं करायला."

"पुरं झालंय की! दाखला लावलाय."

"पण त्याला तळ नाही हो!"

"दाखल्यात तळाचा विषय नाही. पूर्ण कामावर एक काडी जरी वाढवलीस, तरी ते अनधिकृत बांधकाम. उतरवावं लागेल. तू आपला माणूस, म्हणून आधी सांगतो."

"मग दाखला रद्द करा."

"करू की. काम अपूर्ण असल्याचा अर्ज दे. फक्त एवढंच, की आपल्या जंगलात आजवर एकही काम अपूर्ण राहिलेलं नाही. त्यामुळे त्या अर्जाचा नमुना नाही."

तंतोबा गवासाहेबांकडे गेला. "साहेब, मला पोरंबाळं व्हायचीत."

"अरे वेड्या, तू अमर झालास! पोरं काय करायचीत?" असे म्हणून गवासाहेबांनी त्याचा सत्कार केला. शाल केळीच्या पानाची होती. तंतोबा तिच्याखाली बराच वेळ सापडला नाही.

नागपंचमी आठ दिवसांवर आली. गोदी आली तेव्हा तंतोबा मान खाली घालून बसला होता.

"काय हो, कलावंत?"

"अर्ज लिहितोय."

"अर्जात अंडी घालू?"

गोदीने अर्ध्या पुलाकडे पाहिले, अर्ध्या पायऱ्यांकडे पाहिले, मग रिकाम्या खांबाकडे.

"मला सांगा, यांनी पुरं झालेलं काही कधी पाहिलंय?"

"नाही."

"मग ओळखतील कसं? मागल्या फांदीवर दुसरं विणा. फक्त अर्ध्यावर थांबू नका. अर्धं दिसलं की आलेच ते काटा उपटून."

"पण तुझी तपासणी?"

"तुमची वीण पाहिलीय मी. लागा कामाला."

दुसऱ्या दिवशी मोठी सभा होती. विषय होता, व्यासपीठावर कोण कुणाच्या शेजारी बसणार. म्हणजे सूर्य मावळेपर्यंत खात्री. बाकीच्या पंधराही सुगरणी गवत वाहू लागल्या आणि तंतोबा चोच न थांबवता विणत राहिला. रानरेडा आणि सांबर यांच्या खुर्चीवरून भांडण जुंपले, तेव्हा घरटे अर्धे झाले. भांडण मिटले, तेव्हा तळ लागला होता. उरलेली वाट त्याने पुढच्या दोन दिवसांत सावकाश काढली. साळिंदर रोज खालून जाई. एकदाही त्याने वर पाहून काटा उपटला नाही.

नागपंचमीला वाघसाहेब आले. पडदा सरकला. अर्धे घरटे वाऱ्यावर झुलू लागले. मोराने रानाच्या मनाबद्दल भाषण केले. डुकरांनी आणि हरणांनी एकदम टाळ्या वाजवल्या. असे त्या जंगलात पहिल्यांदाच घडले.

"उत्तम," वाघसाहेब म्हणाले. मग त्यांची नजर वर गेली. "आणि ते मागचं काय?"

आत गोदी तीन अंड्यांवर बसली होती.

साळिंदराने पानांची चळत उलटीपालटी केली. "अशा वर्णनाच्या कामाची नोंद नाही, साहेब."

गवासाहेब पुढे झाले. त्यांनी डोळे बारीक करून नीट पाहिले. वरून बंद, बाजूंनी बंद, खाली लोंबणारी नळी सोडली तर कुठे उघडे नाही, काही राहिलेले नाही. फीत कुठे बांधावी तेसुद्धा कळेना.

"फळ असेल, साहेब."

"बाभळीला?"

"आमच्या मातीत लागतं."

"असं?" वाघसाहेब म्हणाले, आणि लाडवांकडे वळले.

फळाने इतका वेळ रोखलेला श्वास सोडला.

श्रावण सरता सरता तिन्ही पिल्ले उडाली. तेव्हापासून सुगरणींनी रीतच पाडली: एखादे अर्धे पुढे टांगायचे आणि संसार मागच्यात करायचा. पाणवठ्यावरच्या बाभळीकडे कधी बघा, पुऱ्या घरट्यांत एखादे अर्धे दिसेलच. शाळेत याचे दुसरे कारण सांगतील. सांगू द्या.

तात्पर्य: हाती घेतलेले काम अर्ध्यावर सोडून चौकात टांगावे, म्हणजे शाल मिळते. पुरे करण्याची खोड सुटतच नसेल, तर ते मागल्या फांदीवर करावे, आणि कुणी विचारलेच तर फळ आहे म्हणावे.