दहाव्याला मॅटिनी

साडेनऊ वाजून गेले तरी भिमाजी आप्पांच्या पिंडाला कावळा शिवेना. रामकुंडावरचे कावळे म्हणजे काही उपाशी जीव नव्हेत. रोज सकाळपासून वीस-पंचवीस घरांचा भात पुढ्यात येतो म्हटल्यावर नखरे करणं त्यांना परवडतं. आजूबाजूची चार कुटुंबं हात जोडून मोकळी झाली आणि चहाला गेली. आप्पांचा पिंड मात्र पत्रावळीवर वाळत पडला होता, आणि समोरच्या भिंतीवरचा कावळा मान वाकडी करून नदीकडे बघत होता.

यादव थोरला मुलगा. मखमलाबादकडचा झेंडू-शेवंतीचा मळा आता त्याच्या अंगावर पडला होता. डोकं आणि मिशी नुकतीच उतरवलेली, त्याला धरून भावकीतली अठरा माणसं घाटावर, आणि बाकी सगळी त्याच्या तोंडाकडे बघत उभी. त्यानं एकेक वचन द्यायला सुरुवात केली.

"आप्पा, आईला मी अंतर देणार नाय."

कावळा हलला नाही.

"विहिरीचं पाणी आम्ही भाऊ भाऊ मिळून वापरू."

कावळ्यानं चोचीनं पंख खाजवला.

"मीनाचं लगीन याच वर्षी करू."

मीना म्हणजे धाकटी बहीण. तिनं घाईघाईनं चुलतीच्या पाठीमागे तोंड लपवलं. कावळ्याला त्यातही गोडी वाटली नाही.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. "यादवराव, अजून तीन घरं खोळंबली आहेत. दर्भाचा कावळा करू का? शास्त्रात सोय आहे."

"गवताचा कावळा आमच्या घरात चालायचा नाय," पुतळाबाई म्हणाल्या.

पुतळाबाई आप्पांच्या थोरल्या बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला, तेव्हा त्या माहेरी परत आल्या. तेव्हापासून चाळीस वर्षं घराच्या किल्ल्या, सोयरिकी, आणि कुणी किती बोलायचं हे सगळं त्यांच्या हातात होतं. आप्पासुद्धा त्यांच्यासमोर आवाज चढवत नसत, तिथं गुरुजींची काय कथा! त्यांनी दर्भाची काडी मुकाट्यानं खाली ठेवली.

तेवढ्यात मागून लखन पुढे सरकला. लखन टेम्पोवाला; आप्पांची फुलं वीस वर्षं त्यानंच मार्केटला नेली होती.

"दादा, एक सांगू का? रागवू नका. आप्पांचं एक राह्यलंय."

"काय राह्यलंय?"

"पिच्चर."

मग लखननं खाली मान घालून सगळं ओकून टाकलं. फुलं विकून झाली की दर शुक्रवारी आप्पा द्वारका चौकाजवळच्या टॉकीजमध्ये बाराच्या खेळाला बसत. घरी सांगायचं, आडत्याकडं उशीर झाला. दोन वर्षांमागं तिथं एका खुनी बाहुलीचा इंग्रजी पिच्चर लागला होता, हिंदीत बोलणारा. तो आप्पांनी तीन वेळा बघितला. शेवटी त्या बाहुलीला विहिरीत टाकतात, पण ती मरते की वर येते ते काही दाखवत नाहीत.

"दवाखान्यात नेलं त्या दिवशीसुदिक मला इचारत व्हते, 'लखन, दुसरा भाग लागला का रं?' कालच लागला, दादा. पोस्टर बघून माझ्या डोळ्याला पाणी आलं."

यादवचे आप्पा म्हणजे जेवताना भाजी हवी असली तरी बोटानं दाखवणारा माणूस. सणावाराला फोटो काढतानाही त्यांच्या ओठाची कड कधी हलली नव्हती. आपल्या बापाला हसताना यादवनं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"आमचा भिमाजी? अन् पिच्चर?" पुतळाबाई कडाडल्या. "लखन, जीभ झडंल तुझी!"

"आईची आण, आत्याबाई."

ऊन वाढत होतं. ताज्या चकोट केलेल्या डोक्याला चटका बसत होता. यादवनं काही विचार न करता दोन्ही हात वर जोडले आणि ओरडला, "आप्पा, बाहुलीचा दुसरा भाग आम्ही सगळे बघू!"

कावळा आला. नुसता शिवला नाही, निम्मा पिंड खाऊन त्यानं आणखी दोघांना बोलावलं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. गुरुजींनी त्यांच्या पस्तीस वर्षांच्या कारकिर्दीत बऱ्याच इच्छा ऐकल्या होत्या, पण ही पहिलीच. ते पुढच्या घराकडे वळले.

यादवनं सुटकेचा श्वास सोडला, तोच पुतळाबाई म्हणाल्या, "कितीचा खेळ हाय?"

"अहो आत्या, आज कुठं? तेरावं होऊ द्या की. सुतकात पिच्चर बघितला तर लोक काय म्हणतील?"

"लोकांनी वचन दिलं नाय, तू दिलंस. माझ्या भावाला तीन दिवस लटकत ठेवतो का? अन् तू 'सगळे' म्हणालास. अठराच्या अठरा येतील." मग त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "पण ध्यानात ठेवा. आपण मजा मारायला चाललो नाय, हा विधी हाय. एक जरी माणूस हसला तर वचन मोडलं म्हणून समजा. मग भिमाजीला गती नाय."

नको तिथं हसू येणं हा यादवचा जन्माचा रोग होता. शाळेत प्रार्थनेला तो हसला होता, स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकांना हसला होता. गेले दहा दिवस तो हसला नव्हता आणि रडलाही नव्हता. आता बापाची गती त्याच्या तोंडाच्या स्नायूंवर येऊन ठेपली.

बाराच्या ठोक्याला लखनच्या टेम्पोतून मंडळी टॉकीजपुढे उतरली. अकरा पुरुष, सगळ्यांची डोकी आणि मिश्या सफाचट, खांद्यावर उपरणी. सात बायका. पुतळाबाईंच्या हातात आप्पांचा हार घातलेला फोटो. खिडकीवरच्या माणसानं त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "देवीचा पिच्चर पलीकडच्या टॉकीजला आहे, आजी."

"आम्हाला बाहुलीच पायजे," पुतळाबाई म्हणाल्या. "अन् फोटोला वेगळी खुर्ची."

दोन रांगा भरल्या; लखन मागं पोरांत बसला. पुढच्या रांगेच्या मधोमध फोटो, एका बाजूला पुतळाबाई, दुसऱ्या बाजूला आप्पांची बायको ठमाबाई आणि तिच्या शेजारी यादव. ठमाबाईनं दहा दिवसांत हं आणि नाही यापलीकडे शब्द काढला नव्हता. दिवे गेले. यादवनं उपरण्याचा बोळा करून तयार ठेवला.

त्याला वाटलं होतं, पिच्चर भीतीचा असेल, मग निभावेल. पण दुसरा भाग काढणाऱ्यांनी वेगळंच मनावर घेतलेलं दिसत होतं. बाहुली विहिरीतून वर आली ती सर्दी होऊन. हातात सुरा, आणि दर दोन पावलांना शिंक. आवाज कुण्या पुरुषाचा, हरसूलच्या बाजारात मिरच्या विकणाऱ्यासारखा. ती रागारागानं एका बंगल्याशी गेली, तर घंटीपर्यंत हात पुरेना. मग तिनं स्टूल ओढत आणलं. स्टुलावर चढून घंटी वाजवली, दार उघडलं, ते बाहेरच्या बाजूला, आणि बाहुली स्टुलासकट हौदात.

मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. सगळं थिएटर खदखदून हसलं. यादवनं बोळा तोंडात कोंबला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, खांदे हलायला लागले. पुतळाबाईंनी तिरपं बघितलं.

"रडतोय," ठमाबाई हळूच म्हणाली.

दोन रांगा दगडासारख्या बसून राहिल्या. हसू दाबून दाबून चुलत्यांचे चेहरे सुजल्यासारखे झाले होते. तेवढ्यात पडद्यावर वीज चमकली आणि निळा उजेड सगळ्या थिएटरभर पडला. त्यांच्या पुढं बसलेली कॉलेजची एक मुलगी हसता हसता सहज मागं वळली. तिला अकरा तुळतुळीत डोकी दिसली, एकाच्याही तोंडावर हसू नाही, आणि त्यांच्यामध्ये हार घातलेला माणूस खुर्चीवर बसलेला. ती अशी किंचाळली की पडद्यावरची बाहुलीसुद्धा दचकली असती. मग आणखी चार जण वळले आणि किंचाळले. दोन जण तर चपला तिथंच टाकून बाहेर पळाले.

मध्यंतरात मॅनेजर आला. बरोबर मल्हारी, टॉकीजचा जुना डोअरकीपर.

"अहो, काय चालवलंय?" मॅनेजर काकुळतीला आला होता. "सिनेमाला कुणी घाबरत नाहीये, सगळे तुम्हाला घाबरतायत! हसत नाही तर नका हसू, निदान टोप्या तरी घाला!"

मल्हारीचं मात्र लक्ष फोटोकडे होतं. "हे तर आमचे शुक्रवारचे बाबा! मी म्हणलं, दोन महिने झालं दिसत कसे नाय..." मग त्याला हार दिसला. तो थांबला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "लय हसायचे हो. लोक पिच्चर सोडून त्यांच्याकडं बघायचे. हसता हसता ठसका लागायचा, मीच पाणी नेऊन द्यायचो."

"आमचा भिमाजी हसायचा?" पुतळाबाईंनी विचारलं.

"खदाखदा."

मग ठमाबाईनं तोंड उघडलं. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं इतक्या साध्या आवाजात ती म्हणाली, "पयल्यापासून हसरे व्हते. लगीन झालं तवा तर लयच. मग एकदा वन्सं म्हणल्या, घरात इधवा बहीण असताना दात काढतोस, लाज नाय वाटत? तवापासून घरात बंद केलं."

पुतळाबाईंना ते वाक्य आठवलं नाही. चाळीस वर्षांत त्या इतकी वाक्यं बोलल्या होत्या की एकेक कुठं लक्षात ठेवायचं? पण ते आपलंच आहे हे त्यांनी ओळखलं. त्यांनी फोटोवरचा हार उगाच सारखा केला. दिवे गेले.

पडद्यावर एका चिमुरड्या मुलीला बाहुली सापडली. तिनं बाहुलीच्या हातातला सुरा काढून घेतला, तिला न्हाऊ घातलं, घट्ट दोन वेण्या घातल्या आणि मांडीवर बसवून खोटा खोटा भात भरवायला घेतला. बाहुली दातओठ खात बसलेली. "अभी तेरा खून करती हूँ," ती गुरगुरली. "पहले खाना खा," मुलीनं दटावलं आणि चमचा तिच्या तोंडात कोंबला.

यादवनं बोळा आणखी आत ढकलला आणि डोळे मिटून घेतले. आता गेलो, असं त्याला वाटलं. तेवढ्यात फोटोच्या पलीकडून एक चमत्कारिक आवाज आला, हापसा बऱ्याच दिवसांनी चालवावा तसा. आधी नुसती कुरकुर, मग एकदम पाणी. पुतळाबाई हसत होत्या. पोट धरून, पदर सुटेपर्यंत.

"आत्या!" यादव घाबरून म्हणाला. "वचन..."

"मसणात घाल वचन! हसा रे सगळे. भिमाजीचं घरातलं राह्यलंय ते सगळं हसा!"

दोन रांगा एकदम फुटल्या. चुलते हसले, सुना हसल्या, मीना हसली, ठमाबाई तोंडाला पदर न लावता हसली. मागच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकटा यादव तेवढा हसला नाही. परवानगी मिळाली, बोळा तोंडातून निघाला, आणि त्याला हुंदका आला. शुक्रवारी या अंधारात बसलेला एक हसरा माणूस त्याच्या घरात जन्मभर राहत होता, आणि त्याला तो कधी भेटलाच नव्हता. तो ओक्साबोक्शी रडला. ठमाबाईनं त्याच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि पडद्यावरची नजर न काढता हसत राहिली.

शेवटी बाहुली नदीत पडली, बुडाली, सगळे सुखी झाले. आणि अगदी अखेरीला पाण्याखाली तिचा एक डोळा उघडला.

बाहेर आल्यावर सगळे लखनच्या टेम्पोपाशी जमले. जे सगळ्यांच्या मनात होतं ते लखन बोलला. "म्हणजे तिसरा भागपण येणार. आता आप्पांचं कसं?"

"त्याचं झालं," पुतळाबाई म्हणाल्या. "त्यानं दुसराच मागितला व्हता."

त्या ठमाबाईचा हात धरून टेम्पोत चढल्या, फोटो मांडीवर घेतला आणि नीट बसल्या. मग यादवला खुणेनं जवळ बोलावलं.

"यादव, तिसरा लागला की मला सांग," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अन् जिवंतपणीच घेऊन ये."