कुशाबांचा सोलो

कुशाबांची वाचा गेली त्याला पाच महिने झाले होते. डॉक्टरांनी हात टेकता टेकता एक सांगितलं, "ओळखीचं काहीतरी ऐकवत राहा." झालं, हितेंद्र बापाची इलेक्ट्रिक गिटार काढून बसला.

कुशाबांनी उभी हयात भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवली. पण परळच्या चाळीत दर रविवारी सकाळी ते एका जुन्या इंग्रजी रॉक गाण्यातला सोलो वाजवत. त्यात घरघर नाही, खरखर नाही, एकेक स्वर घासून पालथ्या घातलेल्या भांड्यासारखा लख्ख. तो सूर कानावर पडला तर बाबा एक शब्द तरी बोलतील, एवढीच आशा आता उरली होती.

सूर काही जमेना. हितेंद्रने तारा बदलल्या, गिटारचा आवाज बदलणारं एक पेडल आणलं, मग त्या पेडलचा आवाज मारायला दुसरं आणलं. स्टुडिओत काम करणारा त्याचा मित्र राकेश येऊन तासभर बटणं पिळत बसला.

"भाई, टोन एकदम क्लीन आहे."

"क्लीन आहे रे, पण बाबांचा नाय."

कुशाबा छताकडे बघत पडून होते. दाद दिली ती नव्या टॉवरमधल्या एकोणिसाव्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी. त्यांनी सोसायटीत लेखी तक्रार केली.

शेवटी हितेंद्रची आई रमाबाई कांदा चिरता चिरता म्हणाल्या, "अरे, ह्यांचा तो डबा पिंपावर असायचा. खोलीत दुसरी जागा होती कुठं?"

डबा म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प. चाळ पडली, टॉवर उभा राहिला, चोवीस तास पाणी आलं, तरी रमाबाईंचा नळावर काडीचा भरवसा नव्हता. जुनं पत्र्याचं पिंप त्यांनी वर आणून काठोकाठ भरून ठेवलं होतं. हितेंद्रने त्यावर फळी टाकून अ‍ॅम्प ठेवला. आवाज बद्द आला.

"रविवारी पाणी नऊला यायचं," रमाबाई म्हणाल्या. "तवर पिंप रिकामं ठणठण असायचं."

पिंप रिकामं झालं. पहिलाच स्वर लख्ख निघाला. तोच सूर! कुशाबांची मान वळली, ओठ हलले. रमाबाई सुरी टाकून धावल्या.

"रमा," कुशाबा म्हणाले, "पिंप रिकामं हाय. पाणी भर."

मायलेक ढसाढसा रडले आणि त्याच आनंदात दोघांनी पिंप भरलं. कुशाबांनी ते पाहिलं, समाधानाने मान परत छताकडे वळवली आणि गप्प झाले. दोन दिवस हितेंद्रने बोटं सोलून घेतली. सूर बद्द, बाप मुका.

तिसऱ्या दिवशी तो पिंपापाशी घुटमळला. पिंप पुन्हा ओत असं आईला सांगायची हिंमत होईना. हंडाभर पाण्यासाठी हिने चाळीत मारामाऱ्या केल्या होत्या, तांदळाचं धुवणसुद्धा कधी मोरीत सोडलं नव्हतं.

रमाबाईंनी पदर खोचला आणि पहिली बादली स्वतः मोरीत उपडी केली.

"आई, रोज ओतायचं?"

"रोज," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा नावानं हाक मारलीय त्यांनी."