धोंडोपंतांच्या कानामागचा काळा डाग

मुलांनो, मांडी घालून बसा. चुळबुळ नको.

एका जंगलात धोंडोपंत नावाचे एक गेंडे राहायचे. अंगानं दांडगे, स्वभावानं गरीब. एके सकाळी त्यांचा पुढचा उजवा पाय आपोआप थरथरू लागला. त्यांनी पायाला दम दिला. पाय ऐकेना.

त्यांची बायको सगुणाबाई त्यांना डॉक्टर बगळ्यांकडे घेऊन गेली. बगळेसाहेब थरथरीचे तज्ज्ञ. स्वतः तासन्‌तास एका पायावर स्तब्ध उभे राहायचे. त्यामुळे जनावरांचा त्यांच्यावर फार विश्वास.

"कंपवात," बगळेसाहेब म्हणाले. "मुळातून बरा होत नाही. पण गोळ्यांनी बराच आटोक्यात राहतो."

आणि खरंच राहिला. धोंडोपंत पुन्हा चिखलात लोळू लागले.

पुढे एकदा तळ्यावर त्यांची मान घासताना सगुणाबाईला कानामागे एक काळा डाग दिसला. वेडावाकडा, कडा कुरतडल्यासारख्या.

"अहो, हा कधीपासून?"

"मला काय ठाऊक? माझा कान मला मागून दिसतो होय? चिखल असेल."

"चिखल घासल्यावर जातो. हा जात नाही."

"अगं, गेंड्याची कातडी आहे ही. हिला काय धाड भरलीय!"

पण सगुणाबाईला चैन पडेना. पुढच्या खेपेला तिनं बगळ्यांना विनवलं, "डॉक्टरसाहेब, जरा यांच्या कानामागे बघता?"

बगळेसाहेबांची मान चांगली लांब. पण कानामागे काही पोचेना. "बाई, कातडी हा माझा विषय नाही. मी मेंदूचं बघतो. तुम्ही डॉक्टर नागांकडे जा."

नागसाहेब कातडीचे तज्ज्ञ. स्वतः दरवर्षी नवी कोरी कातडी घालायचे, त्यामुळे त्यांची शिफारस करावी लागत नसे.

"पेशंट हलतोय," नागसाहेब म्हणाले.

"कंपवात आहे त्यांना."

"मग डाग बघू कसा? आधी थरथर थांबवून आणा. तोवर हे मलम लावा."

सगुणाबाई पुन्हा बगळ्यांकडे. बगळेसाहेब चोच फुगवून म्हणाले, "नागांना सांगा, हलता पेशंट तपासायला शिका म्हणावं."

"तुम्हीच सांगा ना त्यांना."

"आमचं बोलणं नाही. गेल्या परिषदेत त्यांचं नाव पत्रिकेत माझ्या वर छापलं होतं."

मलम संपलं. डाग वाढला. एक दिवस त्यातून रक्त आलं. धोंडोपंत म्हणाले, "काटा लागला असेल." पण तसं म्हणताना त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. जरा वेळानं हळूच म्हणाले, "सगुणे, मला भीती वाटतेय गं."

सगुणाबाई रडली नाही. तिनं जंगलात दवंडी पिटवली : तळ्यावर दोन्ही डॉक्टरांचा जाहीर सत्कार. शाल, श्रीफळ आणि भाषणाला हवा तेवढा वेळ.

दोघंही वेळेच्या आधी हजर!

बगळेसाहेबांनी गळा साफ केला. "मित्रहो, कंपवाताच्या रुग्णांना कातडीचा काळा कर्करोग इतरांपेक्षा जास्त आढळतो. हे फार जुनं निरीक्षण आहे. सगळ्यांनाच होतो असं नाही. का होतो, तेही अजून नीट उलगडलेलं नाही. पण अशा रुग्णांनी अधूनमधून कातडी तपासून घ्यावी, हे उत्तम."

टाळ्या!

"मी तर म्हणतो, उलटही खरं आहे," नागसाहेब शालीतून डोकं काढत म्हणाले. "हा कर्करोग झालेल्यांत कंपवातही जास्त दिसतो."

पुन्हा टाळ्या!

सगुणाबाई उठली. "म्हणजे तुम्हां दोघांनाही ठाऊक होतं?"

"अर्थात!" दोघं एकदम म्हणाले. त्यांचं आयुष्यातलं हे पहिलंच एकमत.

"मग आम्हाला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही डागाबद्दल विचारलंत," बगळेसाहेब म्हणाले. "संबंधाबद्दल कुठं विचारलंत?"

सगुणाबाईनं वाद घातला नाही. तिनं नागसाहेबांच्या शेपटीवर पाय ठेवला आणि नवऱ्याची मान खाली वाकवली. "आता बघा."

नागसाहेबांनी पाहिलं. त्यांचा फणा उतरला. "हा लगेच काढायला हवा," ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी डाग काढला. डागाबरोबर कान गेला. धोंडोपंत वाचले.

"जरा आधी आला असतात तर कानही वाचला असता," नागसाहेब हळहळून म्हणाले.

पुढच्या परिषदेत बगळे आणि नाग यांना परस्पर-सहकार्याबद्दल सुवर्णपदक मिळालं. पदक एकच होतं, म्हणून त्यांचं बोलणं पुन्हा बंद झालं.

सगुणाबाई आता तळ्यावर येणाऱ्या प्रत्येक थरथरत्या जनावराला थांबवते. त्याची पाठ, मान, कान, पोट निरखून पाहते. काही खटकलं तर त्याला ढकलत नागसाहेबांच्या दारात नेऊन उभं करते.

परवाच जंगलाच्या वैद्यक मंडळानं तिला ताकीद दिली : पदवी नसताना कुणाच्याही कानामागे पाहू नये.

तात्पर्य : मुलांनो, आजारी जरूर पडावं. पण एकाच डॉक्टरच्या विषयात मावेल, इतपतच पडावं.